समता गरुडांच्या झाडावर चढली तो सोमवार

"यू गाइज शुड कम. द बेबीज आर सो बिग नाऊ, दे फ्लॅप देअर विंग्ज ॲट द एज!"

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी समताचा हा फोन आला, तेव्हा संजय गॅरेजमध्ये लॉनमोअर उघडून बसला होता. मी फोन स्पीकरवर टाकला. त्याने फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "किती तासांचा ड्राइव्ह?" एवढंच. पण आमच्या घरात हा प्रश्न म्हणजे होकार असतो. जेवायच्या आत मोटेल बुक झालं.

आधी ओळख करून देते. मी वैशाली, मूळची नागपूरची, आता बरीच वर्षं मिशिगनमधल्या नोव्हायची. संजय माझा नवरा, गाड्यांचे ब्रेक टेस्ट करतो. समता आमची एकुलती एक मुलगी, जन्म इथलाच. ती विस्कॉन्सिनमध्ये मिसिसिपीच्या काठावरच्या एका लहानशा गावात आर्बरिस्ट आहे. म्हणजे दोर लावून उंच झाडांवर चढायचं आणि वाळलेल्या, धोक्याच्या फांद्या उतरवायच्या. वसंतात ती गरुडांचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी जीवशास्त्रज्ञाला मदत करते. घरट्यापर्यंत चढून पिल्लं खाली द्यायची, त्याने त्यांच्या पायात नंबराचं कडं घालायचं, मग पिल्लं परत वर. आम्ही दोघांनी तिला चढताना कधीच पाहिलेलं नव्हतं. मी तर तिला सांगूनच ठेवलं होतं, फोटो उतरल्यावरचे पाठव.

या वेळी मात्र चढाई वगैरे काही नव्हती. गावाच्या बोट लँडिंगवरून, म्हणजे होड्या पाण्यात सोडायच्या धक्क्यावरून, एक घरटं दिसतं, रोज लोक खुर्च्या टाकून ते बघत बसतात, आपणही बसायचं, एवढाच बेत होता. बाल्ड ईगल म्हणजे इथल्या सरकारी शिक्क्यावरचा तो पांढऱ्या डोक्याचा गरुड. नावात 'टकला' असला तरी डोक्यावर भरपूर पिसं असतात. आमच्या गाडीतला टकला वेगळा होता.

गावाचं नाव लिहीत नाही, समताने बजावलंय. पण तुम्हाला जायचं असेल तर ला क्रॉसच्या दक्षिणेला नदीला लागून जाणारा ३५ नंबरचा रस्ता धरा. त्या पट्ट्यात खूप घरटी आहेत. मासेमारीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात विचारलंत की हात करून दाखवतात.

शनिवार

पहाटे निघालो. शिकागो सकाळी लवकर पार करा, हा माझा पहिला सल्ला. लाँग वीकेंडला उशीर केलात तर अर्धा दिवस तिथेच जातो. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे फुकटात एक तास मिळाल्याचा आनंद होतो. येताना तो परत द्यावा लागतो, ते तेव्हा आठवत नाही. इलिनॉयच्या टोलवर आता रोख घेत नाहीत, घरी आल्यावर ऑनलाइन भरा. विसरलात तर दंड येतो.

बरोबर मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि एका डब्यात सुकटाची चटणी होती. समताला ती फार आवडते. संजयची अट एकच, गाडीत तो डबा उघडायचा नाही.

मॅडिसनला दर शनिवारी कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या भोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे चीज कर्ड घ्या, म्हणजे चीजचे ताजे गोळे. त्याच दिवशीचे असतील तर दाताखाली कुईकुई आवाज येतो. संजयने पहिला गोळा तोंडात टाकला आणि थांबून माझ्याकडे बघितलं. "हे बोलतंय," तो म्हणाला. आम्ही अर्धी पिशवी उभ्या उभ्याच संपवली.

मॅडिसन सोडून पश्चिमेला निघालं की सपाट शेतं संपतात आणि अचानक टेकड्या सुरू होतात. हिमयुगात बर्फाने सगळा मुलूख इस्त्री केल्यासारखा सपाट केला, पण हा कोपरा सुटला, असं म्हणतात. वळणं, दाट झाडी, खाली एखादा ओढा, मधूनच काळ्या घोडागाडीतून जाणारं, मोटार न वापरणाऱ्या आमिश पंथाचं एखादं कुटुंब. मला तर मेळघाटात शिरतोय असं वाटायला लागलं. मग एका वळणावर समोर मिसिसिपी आली. ही एक नदी नाहीच. बेटं, फाटे, कमळांची डबकी, आणि मधून जहाजांचा मुख्य प्रवाह. काठाला लागून मालगाडी धावत होती आणि तिला शेवटच नव्हता.

समता जिथे राहते त्याच्या खाली मासे पकडायच्या आमिषाचं दुकान आहे. दुकानाच्या फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी गांडुळांचे डबे असतात. "डोन्ट मिक्स देम अप," म्हणत तिने मला मिठी मारली. तिचे तळवे हातात घेतले तर घट्टे पडलेले. ती बोलतच होती. कुठलं झाड, किती उंच, पिल्लं काय काय खातात. संध्याकाळी नदीकाठच्या एका साध्या जागी तळलेला मासा खाल्ला. संजयने खिशातून ठेच्याची बाटली काढली. बाजूच्या टेबलवरच्या बाईने ती काय आहे विचारलं आणि चाखून पाणी मागितलं.

रविवार

सकाळी बोट लँडिंगवर पोचलो तर जत्राच. घडीच्या खुर्च्या, थर्मास, तिपाईवर लावलेल्या लांब दुर्बिणी, कुत्री. पार्किंग फुकट आहे, स्वच्छतागृह आहे, डास भरपूर आहेत. फवारा न्याच.

दुर्बिणीवाल्यांमधली मुख्य बाई म्हणजे डेब. सत्तरीची, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. नव्या माणसाला आधी बघू देते, मग स्वतः बघते.

"पहिल्यांदा आलात? या, मिसेसला भेटा," तिने मला दुर्बिणीशी ओढलं.

पाण्यापलीकडे एक प्रचंड कॉटनवुडचं झाड, त्याच्या वरच्या बेचक्यात काटक्यांचा ढीग. नुसत्या डोळ्यांनी तो भाऱ्यासारखा दिसत होता. दुर्बिणीला डोळा लावला आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. घरटं आमच्या डबल बेडएवढं होतं. काठावर मादी बसलेली. पांढरंशुभ्र डोकं, पिवळीजर्द चोच, आणि तो फिकट डोळा थेट माझ्याकडे रोखलेला. तिच्यामागे दोन पिल्लं, काळपट तपकिरी, जवळजवळ आईएवढी. डोकं पांढरं व्हायला अजून काही वर्षं लागतात, हे डेबने सांगितलं.

"नर कुठे गेला?" संजयने विचारलं.

"नाश्ता आणायला. तुमच्या घरी कोण आणतं?"

आणि तेवढ्यात नर आलाच. नदीवरून, पाण्याला जवळजवळ पोट लावून, पायात हातभर मासा. सगळी गर्दी एकदम उभी राहिली. पंख इतके मोठे की फडफडताना आवाज ऐकू येईल असं वाटावं. मादीने मान वर करून हाक दिली आणि मला हसूच आलं. एवढा दरारा, आणि आवाज कोंबडीच्या पिल्लाचा! चिवचिव, चिवचिव. संजयचं तोंड उघडंच होतं. हा माणूस वाघ बघायला गेलो होतो तेव्हा जीपमध्ये झोपला होता. आता तो एका अनोळखी माणसाचा खांदा धरून "बघितलं का? बघितलं का?" करत होता, तेही मराठीत.

मासा फाडून भरवणं सुरू झालं. मोठं पिल्लू पुढे घुसलं. लहान मागेच राहिलं. ते पुढे यायला बघायचं आणि झटका बसल्यासारखं थांबायचं. पुन्हा यायचं, पुन्हा थांबायचं.

डेबने दुर्बीण जरा फिरवली, बराच वेळ बघितलं.

"पायात काहीतरी आहे. चमकतंय," ती म्हणाली. "तंगूस आहे."

तंगूस म्हणजे गळाला लावतात तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. कुणीतरी तुटलेला पाण्यात टाकलेला असतो, माशाबरोबर घरट्यात येतो. लहान पिल्लाच्या पायाला त्याचा फास बसला होता आणि दुसरं टोक काटक्यांत अडकलं होतं.

"सॅमला बोलवा," डेब ओरडली. "कोणाकडे सॅमचा नंबर आहे?"

चार जणांनी फोन काढले. मला क्षणभर कळेना, मग एकदम कळलं. सॅम म्हणजे आमची समता. ती कॉफी आणायला गाडीकडे गेली होती.

"ती माझी मुलगी आहे," मी म्हटलं.

डेबने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सॅमचे आईवडील? मग अजून उभ्या का, जा, घेऊन या तिला!"

समता धावत आली, दुर्बिणीतून बघितलं, आणि तिचा चेहरा मी कधी न पाहिलेला झाला. शांत आणि कामाचा. तिने रसला फोन लावला. रस म्हणजे तो जीवशास्त्रज्ञ. पूर्वी स्वतः चढायचा, आता गुडघे गेलेत. आम्ही दोघं बाजूला उभं राहून एकतर्फी बोलणं ऐकत होतो. ओढून धरलाय. हो, उजवा. नाही, सुजलाय की नाही दिसत नाही.

फोन ठेवून तिने समजावलं. गरुडाला हात लावायलाच काय, घरट्याजवळ जायलाही परवानगी लागते. आणि सुट्टीचा वीकेंड. परवानगी मिळाली तरी धोका आहे, कारण या वयाची पिल्लं माणूस दिसला की घाबरून उडी मारतात आणि पंखांत अजून उडण्याएवढं बळ नसतं. पण तसंच ठेवलं तर पाय जाईल, किंवा पहिल्यांदा उडायला बघेल तेव्हा त्या दोऱ्याला लटकून मरेल.

"अँड देअर्स अ स्टॉर्म टुमॉरो आफ्टरनून," ती म्हणाली. "सो इट हॅज टु बी टुमॉरो मॉर्निंग. इफ दे से येस."

"मग वर कोण जाणार?" संजयने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"मी, बाबा."

"रस बरोबर असेल ना?"

"ऑन द ग्राउंड."

आतापर्यंत ती दुसऱ्या एका अनुभवी माणसाबरोबर चढत होती. तो सुट्टीवर कॅनडात होता. गरुडाच्या घरट्यावर एकटीने चढायची ही तिची पहिलीच वेळ.

दुपारी परवानगी आली. लँडिंगवर टाळ्या वाजल्या, मी मात्र वाजवल्या नाहीत. समताने आम्हाला जवळच्या कड्यावर नेलं. वरून नदीचा फार सुंदर देखावा दिसतो. बाहेरच्या राज्यातल्या गाडीला स्टेट पार्कचा दिवसाचा पास थोडा महाग पडतो, पण जाच. आम्ही मात्र तो देखावा नीट बघितला नाही. संजय कठड्याला टेकून विचारत होता, दोर किती जाडीचा, किती वजन घेतो, किती जुना आहे, कोण तपासतं. आणि समता एकेका प्रश्नाला न कंटाळता उत्तर देत होती.

सोमवार

सकाळी गावात घरोघरी झेंडे लागले होते, मेमोरियल डे होता, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस. लँडिंगवर आदल्या दिवसापेक्षाही गर्दी. बातमी पसरली होती.

रस आला. उंच, पांढरी दाढी, लंगडत चालणारा. त्याच्याबरोबर पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई. त्याने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि समताला विचारलं, "हे तुझे आईवडील? वजनं बरी आहेत?"

मला राग यायच्या आत समता हसायला लागली. दोर फांदीवर टाकल्यावर चढायच्या आधी दोन माणसांनी त्याला लटकून बघायचं असतं. रसचे गुडघे लटकण्यासारखे नव्हते आणि डॉक्टरीणबाई किडकिडीत होत्या. तर आम्ही दोघं हेल्मेट घालून, चिखल तुडवत, बांधावरून त्या झाडापर्यंत गेलो. बाकी सगळी गर्दी पाण्याच्या अलीकडे राहिली. हे माझ्या नशिबात आहे असं मला शनिवारी कोणी सांगितलं असतं तर मी निघालेच नसते.

खालून ते झाड आणखीच प्रचंड दिसत होतं. बुंधा चार जणांच्या कवेत मावणार नाही असा. समताने काठीवर बसवलेली मोठी बेचकी काढली, एका बारीक दोरीला बांधलेली वाळूची पुरचुंडी तिच्यात ठेवली, मागे खेचली आणि सोडली. पुरचुंडी सूं करून वर गेली आणि फांदीला लागून खाली आली. दुसऱ्या वेळी नेमकी बेचक्यातून पार झाली. पलीकडच्या काठावरून "यस!" ऐकू आलं. त्या बारीक दोरीने मग खरा दोर वर ओढला.

"आई, बाबा, कम. हँग."

संजयने आधी प्रत्येक गाठ बोटांनी दाबून बघितली, प्रत्येक कडी उघडून मिटवली. समता थांबली. मग आम्ही दोघांनी दोर धरला आणि पाय उचलले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एका दोराला कधी लटकलो नव्हतो. पलीकडे हशा पिकला. कोणीतरी शिटी मारली.

"नाऊ जंप," समता म्हणाली.

"काय?"

"बाउन्स, आई! हार्डर!"

आम्ही उड्या मारल्या. संजय तर इतक्या जोरात की माझं हेल्मेट डोळ्यांवर आलं. वरची फांदी हलली नाही. संजय खाली उतरला, धापा टाकत म्हणाला, "एकदा परत," आणि आम्ही परत लटकलो. मग त्याने दोर तिच्या हातात दिला.

समता निघाली. दोन पायांनी दोराला ढकलत, एका लयीत, न थांबता. आधी तिची पाठ दिसत होती, मग नुसतं लाल हेल्मेट. नर आणि मादी दोघंही उडाले आणि वर घिरट्या घालायला लागले. मादी खाली झेपावायची आणि अगदी जवळून वळायची. "त्या सहसा मारत नाहीत," रस म्हणाला. तो 'सहसा' मला अजून आठवतो.

रसच्या छातीवर रेडिओ होता. त्यातून समताचा श्वास ऐकू येत होता. मग तिचा आवाज: "आय एम ॲट द नेस्ट. द बिग वन इज काम. द लिटल वन इज बॅकिंग अप."

"थांब तिथेच," रस म्हणाला.

"इट्स ऑन द एज, रस."

पलीकडे सगळे दुर्बिणींवर वाकले होते, त्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसत होतं. आणि मग रेडिओतून अगदी हळू आवाज यायला लागला.

"ए बाळा. कुठे चाललास? काही नाही होत. बघ, मी आहे ना. ये. ये इकडे. शहाणं माझं पिल्लू."

रसने भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. तिच्या लहानपणी तिचे गुंतलेले केस विंचरताना मी हेच बोलायचे. शाळेत जायला लागल्यापासून ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते. मराठी कळतं, येत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. आणि हे सगळं तिला येत होतं, माझ्याच चालीत. संजयने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"ये रे ये. असं. शाब्बास." मग थोड्या वेळाने, मोठ्याने: "गॉट हिम!"

पलीकडून जो आरडाओरडा झाला! रसने हात हलवून त्यांना गप्प केलं, पण तो स्वतःही हसत होता.

एक निळी पिशवी दोरीने हळूहळू खाली आली. त्यात ते पिल्लू. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवली आणि ते एकदम शांत झालं. माझ्यापासून चार पावलांवर एक गरुड होता. पिवळे जाडजूड पाय, काळ्या नख्या, आणि वास, आमच्या सुकटाच्या डब्याला लाजवेल असा! फास पायात रुतला होता, भोवती सूज होती.

"बोटं गार असली तर त्याला दवाखान्यात न्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "मग बहुतेक परत घरट्यात नाही येणार."

त्यांनी बारीक कात्रीने एकेक वेढा कापला. त्याच वेळी वारा सुटला. अंदाजापेक्षा लवकर. कॉटनवुडची पानं उलटी होऊन पांढरी दिसायला लागली, आणि वर झाड डोलायला लागलं. समता मोठ्या पिल्लाजवळ फांदीला बांधून घेऊन बसली होती. पिशवी परत जाईपर्यंत तिला खाली येता येणार नव्हतं.

"हाऊ आर वी डूइंग?" रेडिओतून तिने विचारलं.

संजय आधी बाईंकडे बघायचा, मग वर, मग पश्चिमेकडच्या काळ्या ढगांकडे. त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता, ब्रेक दाबल्यासारखा.

बाईंनी हातमोजा काढला आणि पिल्लाचं एकेक बोट आपल्या बोटांत धरलं. सावकाश.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "सगळी गरम आहेत. घरी जाऊ दे याला."

मलम लावलं, रसने दुसऱ्या पायात कडं घातलं, आणि पिशवी वर गेली. वाऱ्यात ती गोल गोल फिरत होती. समताने ती पकडली, पिल्लू घरट्यात ठेवलं, काटक्यांतला उरलेला तंगूस तोडून खिशात घातला, आणि ती उतरायला लागली. तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा तिच्या गालावर पक्ष्याच्या शिटेचा लांब पांढरा ओघळ होता.

"आय एम सो हंग्री," ती म्हणाली. मी तिला त्या ओघळासकट मिठी मारली.

पण अजून संपलं नव्हतं. नर-मादी दूर एका वाळक्या झाडावर जाऊन बसले होते. ते परत येतात की नाही, हे बघायचं होतं. आम्ही लँडिंगवर परतलो. लोकांनी समताच्या पाठीवर थापा मारल्या, डेबने तिच्या गालावरचा ओघळ स्वतःच्या रुमालाने पुसला, आणि मग सगळे दुर्बिणींना चिकटले. पहिले थेंब पडले. कोणी गाडीत गेलं नाही.

"कमॉन, मिसेस," डेब पुटपुटत होती. "कमॉन, हनी."

आधी नर आला. मासा घेऊन. घरट्यावर एक चक्कर मारली आणि निघून गेला. गर्दीतून एक लांब "ओह" निघाला. पाऊस वाढला. मग तो परत वळला, पंख पसरले, पाय पुढे केले आणि उतरला. त्याच्यामागोमाग मादी. तिने दोन्ही पिल्लांकडे बघितलं, माशाचा एक तुकडा तोडला. लहान पिल्लाने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. या वेळी झटका बसला नाही. ते थेट आईच्या चोचीपर्यंत गेलं.

त्यानंतर पाऊस असा कोसळला की सगळे किंचाळत पिकनिकच्या छपराखाली पळाले. रस पळू शकत नव्हता, तर संजयने त्याला हात दिला. मी पराठ्यांचा डबा उघडला. डेबने ठेचा लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरा मागितला. सुकटाची चटणी समताने एकटीने संपवली, कोणाला विचारलंही नाही.

घरी

मंगळवारी परत निघालो. शिकागोला दुपारी अडकलो, पण संजयची तक्रार नव्हती. तो मला फांदीचा कोन, दोराचं घर्षण असलं काहीतरी समजावत होता आणि मी मधूनमधून "हो का" म्हणत होते.

तुम्ही जाणार असाल तर एप्रिल ते जून उत्तम. घरट्यापासून दूर राहा, ड्रोन उडवू नका. आणि पाण्याकाठी तुटलेला तंगूस दिसला तर उचलून खिशात टाका. लँडिंगवर त्यासाठी एक नळकांडंही लावलेलं असतं.

समताशी बोलणं अजूनही पूर्वीसारखंच चालतं, ती इंग्रजीत, मी मराठीत. त्या सोमवारच्या मराठीबद्दल तिला मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती पुढच्या वेळी लाजून इंग्रजीत बोलली असती, आणि पिल्लाचं काय झालं असतं कोण जाणे.

पुढच्या रविवारी आमच्याकडच्या मंडळींची बुद्धवंदना होती. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो आम्ही. वंदना झाली, ताटं वाढली गेली आणि कांबळे काकांनी संजयला विचारलं, "जय भीम. समता काय करते आता?"

आजवर या प्रश्नाला आमचं उत्तर ठरलेलं असायचं: 'एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे.' ते ऐकून लोक मान डोलावतात आणि विषय बदलतो.

संजयने हातातलं ताट खाली ठेवलं.

"गरुडाच्या घरट्यात चढते, काका."

"म्हणजे?" काकांना वाटलं मस्करी चाललीय. "खरोखर झाडावर?"

"हो. दोराने. पार वर."

"अरे बापरे. आणि मग?"

"मग उतरते," संजय म्हणाला. त्याने खुर्ची काकांच्या जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.